साथीच्या वॉर्डाच्या ड्युटीला हो म्हणावं का? २०२०-२१ मध्ये आत काम केलेल्यांनी सांगा (बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड)

जीएनएम_खानापूर

नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) शेवटच्या वर्षाला आहे. कोर्स संपत आलाय, नोकरी बघायची आहे आणि घरात आतापासूनच वाद सुरू झालाय. आईचं म्हणणं, नोकरी कर पण साथीच्या वॉर्डाला पाठवणार असतील तर नको, सरळ घरी ये.

कोरोना आला तेव्हा माझी एसएसएलसी (दहावी) होती, परीक्षा पुढे ढकलत ढकलत जूनच्या शेवटी मास्क लावून घेतली तेवढं आठवतं, हॉस्पिटलच्या आत काय चाललं होतं ते काही माहीत नाही. कॉलेजात पीपीई घालायचा आणि काढायचा क्रम शिकवलाय, पाठ आहे. पण ते घालून सहा तास माणूस उभा कसा राहतो, पेशंट गेला तर घरच्यांना सांगतं कोण, घरी येऊन झोप लागते का, हे पुस्तकात नाही. सिनियर सिस्टरना विचारलं की "ते दिवस नकोत बाई" म्हणतात आणि कामाला लागतात.

ज्यांनी तेव्हा काम केलं त्यांनी प्लीज खरं खरं सांगा. परत अशी साथ आली तर हो म्हणावं का आणि हो म्हणायच्या आधी काय बघून घ्यावं?

रात्रपाळी_सिस्टर

तुझ्या सिनियर टाळतात म्हणून वाईट वाटून घेऊ नको गं, मी पण बरीच वर्षं यावर बोलले नाही. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होते, तिथून कोविड वॉर्डला डेप्युटेशनवर पाठवलं.

सुरुवातीला कुणालाच काही माहीत नव्हतं, हे आधी समजून घे. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने स्टाफला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घ्यायला सांगितलं, पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा आणि मग आठवड्याला एकदा, आम्ही सगळ्यांनी घेतली, पुढे कळलं की त्याचा काही उपयोग नाही. किट कमी होते, मास्क कागदी पिशवीत घालून, वर तारीख लिहून पाचव्या दिवशी परत वापरायचो.

किट घातलं की पाणी बंद, बाथरूम बंद. मी ड्युटीच्या आधीपासूनच पाणी कमी करायची. एप्रिल-मेचा उन्हाळा, हवा तिथल्या तिथे फिरू नये म्हणून एसी बंद, घाम पायापर्यंत उतरून बुटात साचायचा. गॉगलवर वाफ धरलेली, हातात दोन दोन ग्लोव्हज आणि त्यात म्हाताऱ्या माणसाची शीर शोधायची, नुसती बोटानं चाचपून. पाळीच्या दिवसांत काय करायचं याचा कुणी विचारच केला नव्हता, आम्ही बायकांनीच आपसात ड्युट्या बदलून घेतल्या.

पण तुला खरं सांगू का, जास्त ताकद लागली ती बोलायला. पेशंटला आपण दिसतच नाही, सगळे सारखेच पांढरे. म्हणून आम्ही छातीवर मार्करनं नाव लिहायचो, मराठीत आणि खाली कन्नडमध्ये. एका बेडवर कणकुंबीकडची आजी, तिला कन्नडचा गंध नाही, शेजारी सौंदत्तीकडचे काका, त्यांना मराठी येत नाही आणि ड्युटी डॉक्टर मंड्याकडचा, नवा मुलगा, त्याला आजीचं काही कळेना. मी तिघांच्या मधे. आजीला पालथी झोप म्हणून समजावायचं, काकांना "ऊट आतेन्री" (जेवण झालं का) विचारायचं, डॉक्टरला सांगायचं की आजी "जीव घुसमटतोय" म्हणत नाहीय, तिला घरची गाय आठवतेय. संमतीचे फॉर्म कन्नडमध्ये नाहीतर इंग्लिशमध्ये, अंगठा घ्यायच्या आधी मी तिला बसून सांगायची की यात काय लिहिलंय. हे काम कुठल्याच ड्युटी लिस्टमध्ये नव्हतं. तू खानापूरची, तुला दोन्ही भाषा येत असणार, तर तुझा निम्मा वेळ यातच जाणार असं धरून चाल. हे नर्सिंगच आहे, कुणी काहीही म्हणू दे.

पेशंट गेल्यावरचं विचारलंस. नळ्या काढायच्या, नाकातोंडात कापूस, गळणार नाही अशा बॅगेत ठेवायचं, बॅग बाहेरून १ टक्का हायपोक्लोराइटनं (जंतुनाशकानं) पुसायची. चेहऱ्याकडची चेन उघडून घरच्यांना लांबून दाखवायची परवानगी सरकारच्या नियमात होती, पण घाईत, भीतीत बऱ्याच ठिकाणी ते झालंच नाही. आमच्या शिफ्टनं ठरवलं होतं की दाखवायचंच. कुणी येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉल. माणूस गेला आणि शेवटचं तोंडही दिसलं नाही, ही गोष्ट घरच्यांना किती वर्षं जाळते ते मी नंतर गावात फिरताना बघितलंय.

हो म्हणायच्या आधी तुझ्याबरोबर कोण असणार ते बघ. किट काढताना समोर दुसरी सिस्टर उभी पाहिजे, तुझ्यावर नजर ठेवून एकेक पायरी मोठ्यानं सांगणारी. धोका घालताना नसतो, काढताना असतो, कारण तेव्हा तू दमलेली असतेस आणि कधी एकदा तोंड मोकळं करते असं झालेलं असतं. प्रत्येक टप्प्याला हात स्वच्छ आणि एन ९५ सगळ्यात शेवटी, खोलीच्या बाहेर आल्यावर. अशी जोडी लावून देत नसतील तर भांडून घे.

मालमारुती_एक्स्टेंशन

मी डॉक्टर नाही नर्स नाही. माझे वडील मे २०२१ मध्ये ॲडमिट होते, आम्हाला गेटच्या आत सोडत नव्हते. रोज रात्री एक सिस्टर स्वतःच्या फोनवरून लावून द्यायच्या, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला असायचा, वडलांचा आवाज धड यायचा नाही पण श्वास ऐकू यायचा. वडील परत आले. त्या सिस्टरचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, इथे कुणी ओळखीचं वाचत असेल तर आमच्या घरातनं नमस्कार सांगा.

हाऊससर्जन_एकवीस

सिस्टरनी लिहिलंय ते शंभर टक्के. मी तेव्हा इंटर्न होतो, दुसऱ्या लाटेत आयसीयूच्या खालच्या वॉर्डात.

आमचे बेळगावचे खासदार सुरेश अंगडी केंद्रात मंत्री असताना सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनानेच गेले, त्यांच्या जागेची पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ ला झाली. प्रचाराची गर्दी आम्ही ड्युटी रूममधल्या टीव्हीवर बघत होतो आणि थोड्याच दिवसात खाली बेड मिळेनासे झाले. निवडणुकीनेच झालं असं मी म्हणत नाही, कोरोनाचा डेल्टा प्रकार सगळ्या देशात पसरला होता, महाराष्ट्रात तर त्याआधीपासून वाढत होतं. पण आत काम करणाऱ्याला ती गर्दी बघून काय वाटत असेल ते समजून घ्या.

ऑक्सिजनचं गणित तुला आजच पाठ करून ठेवायला सांगतो. एका जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७ हजार लिटर असतो. पेशंटला मिनिटाला १० लिटर लावला तर तो साडेअकरा तास पुरतो. तोच पेशंट हाय फ्लोवर, म्हणजे नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या मशीनवर, ६० लिटरवर गेला की दोन तासही नाही. म्हणजे रात्री एक वाजता चार पेशंट हाय फ्लोवर असतील तर पहाटेपर्यंत किती सिलिंडर लागतील हे ज्याला पटकन सांगता येतं त्याच्या शब्दाला त्या रात्री सगळ्यात जास्त किंमत असते, आणि आमच्याकडे ते डॉक्टरपेक्षा जास्त वेळा सिस्टर आणि सिलिंडर बदलणारे वॉर्ड बॉय यांनाच येत होतं. एका वॉर्ड बॉयनं तर भिंतीवर खडूनं बेडप्रमाणे वेळा लिहून ठेवल्या होत्या, कुठला किती वाजता संपणार ते. त्या भिंतीवर आमचा वॉर्ड चालला.

दुसरं म्हणजे पालथं झोपवणं. एप्रिल २०२१ मध्ये केंद्र सरकारनं लोकांना घरी करायला पण सांगितलं होतं, रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली आला तर पोटावर, मग एका कुशीवर, मग टेकून बसणं, मग दुसऱ्या कुशीवर, अर्धा तास ते दोन तास प्रत्येक. ऐकायला काहीच नाही, पण पोट सुटलेल्या, घाबरलेल्या, मास्क ओढून काढणाऱ्या माणसाला पालथं ठेवायला तिघं लागतात आणि एकानं सतत बोलत राहावं लागतं. औषधात खरा फरक पडला तो डेक्सामेथासोन या स्वस्तातल्या स्टेरॉइडनं, ऑक्सिजनवर असलेल्यांना दिवसाला ६ मिलिग्रॅम, हे जून २०२० मध्ये इंग्लंडच्या ट्रायलमधून कळलं होतं. लोक मात्र रेमडेसिव्हिरच्या इंजेक्शनमागे रात्रभर गावोगाव फिरत होते, दागिने मोडून. त्यांना समजावून सांगायला आमच्याकडे माणूसच नव्हता, हे मला आजही खुपतं.

आता रागाचं. जुलै २०२० मध्ये बेळगावात एक पेशंट गेल्यावर जमावानं हॉस्पिटलसमोर ॲम्ब्युलन्स पेटवली होती, दगडफेक झाली होती, बऱ्याच जणांना आठवत असेल. त्याआधीच एप्रिल २०२० मध्ये १८९७ च्या साथरोग कायद्यात बदल करून आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर ३ महिने ते ५ वर्षं, गंभीर जखमी केलं तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा अशी तरतूद झाली होती. कायदा हवाच. पण राग शांत होतो तो माहिती मिळाल्यावर, कायद्यानं होत नाही. आमच्या युनिटच्या मॅडमनी रोज संध्याकाळी एका इंटर्नला फक्त फोनच करायला बसवलं. प्रत्येक घरी एक फोन, तब्येत कशी आहे ते खरं खरं, बिघडली असेल तर बिघडली म्हणून. त्यानंतर गेटवरचा आरडाओरडा निम्म्यानं कमी झाला. नोकरीला जाशील तिथे हे आहे का विचार, नसेल तर तूच सुरू कर.

आणि आईला सांग की प्रत्येक साथ म्हणजे कोरोना नाही. रोग कसा पसरतो ते आधी कळलं की भीती आपोआप जागेवर येते. २०१८ ला केरळात कोझिकोडला निपाह विषाणू आला तेव्हा बहुतेकांना लागण हॉस्पिटलमध्येच झाली, लिनी पुथुसेरी ही नर्स त्यातच गेली, पेरांब्राच्या तालुका हॉस्पिटलमध्ये ती पहिल्या पेशंटची सेवा करत होती. रोग कुठला हे कळायच्या आधीच्या दिवसातच तिला लागण झाली. म्हणून मी म्हणतो की नाव असलेल्या साथीच्या वॉर्डापेक्षा, नाव नसलेला ताप घेऊन आलेला पेशंट जास्त धोक्याचा. साध्या ओपीडीत पण खोकणाऱ्या पेशंटसमोर मास्क लाव. साथीच्या वॉर्डाला नाही म्हणून धोका टळत नाही.

जंगलभागातली_आशा

मी आशा आहे, खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावातली. मी सांगालोय आणि पोरगा टाइप करालाय.

तुम्ही सगळ्यांनी हॉस्पिटलचं लिवलं, आमच्याकडं हॉस्पिटल लई लांब. लॉकडाऊन झाला आणि पुण्या-मुंबईची, गोव्याची पोरं गावात परत आली, कोण चालत, कोण रात्री जंगलाच्या वाटेनं. त्यांची नावं लिहायची, हातावर शिक्का, १४ दिवस घरात बस म्हणून सांगायचं. ज्या घरात मी पोराचं पहिलं डोस पाजलं, जिथं बाळंतपणाला रात्री धावलो, त्या घरातल्या बायका दार लावून घ्यायला लागल्या, तूच घेऊन येतीस म्हणायच्या. आम्हाला द्यायचे ते कापडी मास्क आणि एक सॅनिटायझरची बाटली. दुसऱ्या लाटेत ऑक्सिमीटर मिळाला, बोटाला लावून आकडा लिहायचा आणि आकडा ९४ च्या खाली आला की वरती कळवायचं. वरती कळवायचं तर फोनला रेंज पायजे, रेंज मिळायला टेकडीवर चढून जायला लागायचं. पावसाळ्यात सुद्धा.

जुलै २०२० ला कर्नाटकातल्या आशांनी संप केला, महिन्याला १२ हजार द्या आणि मास्क-किट द्या म्हणून. काही लोक म्हणाले साथ चालू असताना संप करतात, लाज नाही. मला काय वाटतं सांगतो, जीव धोक्यात घालून फिरणाऱ्या बाईनं पगार मागितला तर त्यात लाज कसली. २०२२ ला डब्ल्यूएचओनं सगळ्या आशांना पुरस्कार दिला, बरं वाटलं, पण पुरस्कारानं घरातलं तेल-मीठ येत नाही.

आणि प्रत्येक साथ म्हणजे कोरोना नाही असं डाक्टर म्हणालेत ते बरोबर. २०१६ ला आमच्या भागातले लोक गोव्यात सत्तरीकडं काजूच्या कामाला गेले आणि ताप घेऊन आले, तो माकडताप होता. तो गोचिडीनं होतो, माणसाचा माणसाला लागत नाही. पण लोक त्या घरांकडं पण फिरकेनात. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, लगेच दवाखान्यात कळवा, रानात जाताना अंगभर कपडे घाला, परत आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ, हे मी दर वर्षी काजूच्या आधी घरोघर सांगतो. पोरी, तू नर्स झालीस की आमच्या भागाला ये. इथं तुझी भाषा बोलणारी सिस्टर मिळत नाही.

कंत्राटी_स्टाफ

सगळ्यांनी चांगलं लिहिलंय पण कुणीतरी दुसरी बाजू सांगायला पाहिजे. मी दुसऱ्या लाटेत कंत्राटावर घेतलेली नर्स होते, कुठे ते लिहीत नाही. लाट असताना हार घातले, फोटो काढले, लाट ओसरली आणि महिन्याभरात "उद्यापासून येऊ नका" म्हणून सांगितलं. दोन महिन्याचा पगार मिळवायला चपला झिजल्या. माझ्याबरोबरच्या एकीला ड्युटीवर असताना कोरोना झाला, ती पंधरवडा ॲडमिट होती, तेवढे दिवस पगारातून कापले.

त्यामुळे ताई तू हो म्हण, पण लेखी घे. ऑर्डरवर वॉर्डचं नाव आणि तारीख पाहिजे. कोविडच्या वेळी केंद्राचा ५० लाखांचा विमा होता आणि त्यात कंत्राटी, आशा सगळे धरलेले होते, पण ड्युटीचा कागदच नसेल तर घरचे सिद्ध काय करणार? आजारी पडले तर रजा पगारी का, राहायची सोय कोण करणार, किती तासांची शिफ्ट आणि किती दिवसांनी सुट्टी, हे विचारायला लाजू नको. तुझी आई घाबरते त्यात तिचं काही चुकत नाही. तिला उत्तर द्यायची जबाबदारी तुझ्या एकटीची नाही, ज्यांना तुझी गरज आहे त्यांची पण आहे.

शिनोळीकर

माझी बायको स्टाफ नर्स आहे. आमचं घर शिनोळीत म्हणजे चंदगड तालुका, जिल्हा कोल्हापूर आणि तिची ड्युटी बेळगावात, एरवी अर्ध्या तासाचा रस्ता. लॉकडाऊनमध्ये हद्दीवर बाचीला रस्ता बंद. आयकार्ड दाखवलं तरी एक पोलीस सोडायचा, दुसरा अडवायचा, इकडचा पास तिकडे चालेना. नंतर महाराष्ट्रातून येणाऱ्यांना निगेटिव्ह रिपोर्ट लागू केला, निपाणीजवळ कोगनोळीच्या नाक्याला गाड्यांच्या रांगा लागल्या ते सगळ्यांनी बघितलंच. शेवटी तिनं बेळगावातच राहायचं ठरवलं, हॉस्टेलवर. मुलगी चार वर्षांची होती. मी घरी, आई घरी, मुलगी रोज संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून बसायची.

मी तुमच्या आईच्या बाजूचा माणूस आहे, म्हणजे घरी थांबणारा. सांगायचं ते एवढंच की आम्हाला काही सांगितलं नाही की आम्ही जास्त घाबरतो. बायको सुरुवातीला सगळं ठीक आहे म्हणायची, त्यावर माझा विश्वास बसायचा नाही. मग ती रोज खरं सांगायला लागली, आज दोघं गेले, आज एक आजी घरी गेल्या, आज रडले. तेव्हापासून मला झोप लागायला लागली. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांची लस सुरू झाली, तिचा नंबर थोड्या दिवसांनी लागला, तेव्हा मी आणि मुलगी दोघं फोनवर होतो.

जीएनएम_खानापूर

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार. आशाताई, तुमचं वाचून लाज वाटली, आमच्या गावच्या आशांना पण लोक तसंच बोलले होते. मी काल सुट्टीला घरी आले, आईला सगळं वाचून दाखवलं, ती शिनोळीच्या दादांच्या तिथे थांबली आणि परत वाच म्हणाली. अजून हो म्हणाली नाहीय. तिचे दोन प्रश्न आहेत, तेच विचारते. घरात आजोबा आहेत, त्यांना दमा आहे, खोल्या दोनच, तर अशा ड्युटीवरून मी घरी येऊ शकते का? आणि आता काही साथ नसताना मी कुठली तयारी करून ठेवू शकते?

रात्रपाळी_सिस्टर

आईला माझा नमस्कार सांग. दोन खोल्या आणि दम्याचे आजोबा असतील तर हवेतून पसरणाऱ्या साथीत घरी येऊ नको, हॉस्टेल मागून घे, ते देणं त्यांच्यावर आहे. माकडताप, डेंग्यू, चिकनगुनिया असलं असेल तर खुशाल घरी ये, ते तुझ्या श्वासातून आजोबांना लागणार नाही, घरात डास होऊ देऊ नका म्हणजे झालं. कॉलरा-गॅस्ट्रोची साथ असेल तर साबणानं हात नीट धुतल्याशिवाय आजोबांच्या ताटाला हात लावायचा नाही, एवढं सांभाळलंस तर घरी राहता येतं.

आणि तयारी म्हणशील तर हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस पूर्ण झालेत का बघ, नसतील तर पासआऊट व्हायच्या आधी कॉलेजकडून घे. एन ९५ घालून कडेनं हवा निघते का हे बघायला शीक, नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबायची आणि जोरात फुंकून बघायचं, कडेनं हवा लागली तर मास्क नीट बसला नाही, आणि तुझ्या चेहऱ्याला कुठली कंपनी बसते ते आताच लिहून ठेव. डॉक्टरांनी सांगितलेलं सिलिंडरचं गणित वहीच्या पहिल्या पानावर लिही. टीबी वॉर्डाचं पोस्टिंग आलं तर टाळू नको, मास्क लावून खिडक्या उघड्या ठेवून सहा तास काढायची सवय तिथेच लागते. कन्नड लिहिता येत नसेल तर तेवढं या सुट्टीत शिकून घे, बोलता येतं पण केसपेपर वाचता येत नाही अशा आमच्याकडच्या मुली बऱ्याच आहेत आणि रात्री दोन वाजता केसपेपर वाचून दाखवायला कुणी नसतं.

आईला बोलायचं असेल तर मला मेसेज कर, रविवारी माझी सुट्टी असते, मी स्वतः फोन करते.